राज्याचे कर्ज आणि आपल्या दवाखान्यातली गोळी



तळवलीच्या आमच्या वस्तीत रविवारी वंदना झाली की विहारातच तासभर आरोग्यवर्ग भरतो. कोणाचा रक्तदाब बघायचा, कोणाची औषधाची चिठ्ठी वाचून सांगायची, असे त्याचे साधे काम. गेल्या महिन्यात एका मावशींचा दाब मोजला तर १७० वर १०० निघाला. आम्ही विचारले, गोळी चालू आहे ना? त्यांनी पिशवीतून रिकामी पट्टी काढून सतरंजीवर ठेवली. म्हणाल्या, "दवाखान्यात दोन महिने गोळी नाही. बाहेरून घेते. पुरवायची म्हणून एक दिवसाआड खाते."

शेजारचे काका म्हणाले, "सरकारवरच एवढं कर्ज झालंय, रोज टीव्हीवर सांगतात. ते तरी कुठून देणार?" त्यावर मागे बसलेली एक ताई पटकन बोलली, "आपण कर्जात असलो म्हणून पोराचं दूध बंद करतो का?"

वर्ग तिथेच थांबला आणि वाद सुरू झाला. आज देशात आणि जगात मोठमोठी माणसे हाच वाद घालत आहेत. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

आधी मावशींसाठी आणि सर्वांसाठी एक सूचना. दाबाची किंवा साखरेची गोळी एक दिवसाआड घेऊन पुरवू नका. डोके दुखत नाही म्हणजे दाब उतरला असे नसते. अर्धवट उपचाराने अर्धांगवायू, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी दवाखान्यात जा. तिथे औषध नसेल तर डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा. कंपनीच्या महागड्या नावापेक्षा तीच गोळी तिथे बरीच स्वस्त मिळते.

कर्ज किती आहे?

महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ रोजी मांडला गेला. तो सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा होता. वर्षअखेरीस राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज त्यात होता. रोजच्या कारभाराचा खर्च उत्पन्नापेक्षा सुमारे ४५ हजार ८९१ कोटींनी जास्त धरला होता. याला महसुली तूट म्हणतात. नुसत्या व्याजापोटी सुमारे ६५ हजार कोटी जाणार होते. म्हणजे राज्याच्या तिजोरीत आलेल्या दर शंभर रुपयांतले अकरा-बारा रुपये व्याजातच जातात.

केंद्राचे तर व्याज याहून जड आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे सुमारे पंचवीस रुपये व्याजासाठी होते आणि आरोग्य खात्याला जेमतेम दोन.

आता कोणी सांगेल की राज्यातल्या माणसामाणसाच्या डोक्यावर सत्तर हजारांचे कर्ज आहे. भागाकार बरोबर आहे, पण त्याने घाबरून जाऊ नये. सावकार तुमच्या दारात येणार नाही. कर्ज पेलवते की नाही हे उत्पन्नाशी ताडून बघायचे असते. दहा हजार कमावणाऱ्याला पन्नास हजारांचे कर्ज जड जाते, पन्नास हजार कमावणाऱ्याला तेवढे जड जात नाही. २०२५-२६ च्या अंदाजानुसार महाराष्ट्राचे कर्ज राज्याच्या एकूण वार्षिक उत्पन्नाच्या एकोणीस टक्क्यांच्या आत होते. पंचवीस टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे, असे सरकारच सांगते. तेव्हा "तिजोरी रिकामी आहे" हे वाक्य कोणी तोंडावर फेकले तर ते तसेच्या तसे मान्य करू नका. पण "कर्जाने काही बिघडत नाही" हेही खरे नाही. व्याज वाढले की औषधासाठीचा हात आखडतो.

घरचे कर्ज आणि सरकारचे कर्ज

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत एक अनणसुख, म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख. ज्याने बचत गटाचा हप्ता चुकवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण घर आणि सरकार यांत फरक आहे. घरातला कमावता माणूस म्हातारा होतो, सरकार होत नाही. सरकार कर बसवू शकते, घर बसवू शकत नाही. शिवाय कर्ज कशासाठी काढले हे महत्त्वाचे. रिक्षा घ्यायला काढलेले कर्ज रिक्षाच फेडते. साखरपुड्याच्या जेवणासाठी काढलेले कर्ज आपल्याला फेडावे लागते. सरकारने रुग्णालय, पाणी, शाळा यांसाठी कर्ज काढले तर त्यातून निरोगी, शिकलेली माणसे घडतात आणि तीच पुढे कर भरतात. रोजचा खर्च भागवायला वर्षानुवर्षे कर्ज काढले तर मात्र ते साखरपुड्याच्या जेवणासारखेच.

दोन देशांचा धडा

एक बाजू म्हणते, कर्ज आटोक्यात ठेवा, नाहीतर सगळेच बुडेल. या बाजूचा पुरावा श्रीलंका. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवल्याचे जाहीर केले. औषधे आयात करायला परकीय चलन उरले नाही. रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

दुसरी बाजू म्हणते, कर्ज फेडण्यासाठी सेवा कापल्या तर माणसे बुडतात. या बाजूचा पुरावा ग्रीस. २०१० नंतर कर्जदारांच्या अटींमुळे तिथे रुग्णालयांचा खर्च मोठ्या प्रमाणात कापला गेला. डास-नियंत्रणावरही परिणाम झाला. जो मलेरिया तिथून अनेक दशकांपूर्वी गेला होता, त्याचे स्थानिक रुग्ण २०११ मध्ये पुन्हा दिसले. वाचवलेला पैसा पुन्हा आजारावरच खर्च झाला.

आपलेही असेच झाले आहे. १९९१ मध्ये देशाला सोने गहाण ठेवावे लागले. त्यानंतरच्या दशकात राज्यांचा आरोग्यावरचा खर्च आखडला आणि सरकारी रुग्णालयांत शुल्क घेण्याची पद्धत पसरली.

दोन्ही पुराव्यांतून आम्हांला एवढे समजते की काटकसर नक्की हवी, पण ती कुठे हवी हा खरा प्रश्न आहे. दाबाची गोळी काही रुपयांची असते. ती न मिळाल्याने अर्धांगवायू झाला तर अतिदक्षता विभागाचा खर्च लाखांत जातो. तो विमा योजनेतून सरकार भरते, किंवा दागिना मोडून आपण भरतो. गोळी कापण्याला काटकसर म्हणता येत नाही. हे दुप्पट व्याजाचे कर्ज आहे.

कपात कशी ओळखायची?

"आजपासून दवाखाना बंद" असा फलक कोणी लावत नाही. आजारासारखीच कपातही लक्षणांवरून ओळखावी लागते.

पहिले लक्षण, रिकाम्या जागा. राज्याच्या आरोग्यसेवेवरचा महालेखापालांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात आला. त्यात परिचारिकांच्या मंजूर जागांपैकी सुमारे ३५ टक्के रिक्त असल्याचे नमूद आहे. दुसरे लक्षण, कायम कामावर तात्पुरती माणसे. तिसरे लक्षण, "माल आला नाही". चौथे, "ही तपासणी बाहेरून करून आणा".

पण प्रत्येक तुटवडा पैशाअभावीच होतो असे नाही. २०२४ च्या सुरुवातीला क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडला. ही औषधे केंद्र सरकार पुरवते. मार्चमध्ये केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले. अशा वेळी नियोजन आणि खरेदी चुकलेली असते. म्हणून प्रश्न विचारताना दोन्ही विचारावे: पैसा मंजूर होता का, आणि होता तर खर्च का झाला नाही?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले होते की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्र त्यापासून बराच मागे आहे. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ होता. सुधारणा आहे, हे मान्य करू. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये ज्या खिशातून जातात, तो खिसा आपल्या वस्तीत फार खोल नसतो.

पंधराशे रुपये आणि आपल्या वाट्याचा निधी

'लाडकी बहीण'मुळे कर्ज वाढले, म्हणून ती बंद करा, असे अनेक जण बोलतात. २०२५-२६ मध्ये या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. रक्कम मोठी आहे. पण आमच्या वर्गातल्या बायकांना हे पंधराशे म्हणजे काय हे माहीत आहे: गॅसची टाकी, वह्या, थकलेले भाडे. गरिबाच्या हातातल्या पैशाला फुकटेपणा म्हणणारे कंपन्यांना मिळणाऱ्या सवलतींबद्दल गप्प बसतात.

तरीही एक गोष्ट आपण स्वतःला विचारली पाहिजे. एका हाताने पंधराशे आले आणि दुसऱ्या हाताने गोळ्या, तपासणी, एक्स-रे यांत गेले, तर बहिणीच्या पदरात काय राहिले?

आणि हा पैसा कुठून आला? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख या योजनेसाठी वळवण्यात आले. अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थी बहिणींसाठीच तो खर्च आहे, अशी बाजू मांडली गेली. पण सामाजिक न्याय मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. हा निधी वसतिगृहे, शिष्यवृत्ती आणि वस्ती सुधारणेसाठी असतो. आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणा यांनी असा निधी राखून ठेवण्यासाठी कायदा केला आहे. कायद्याने सगळे सुटत नाही. कर्नाटकातही हा निधी गॅरंटी योजनांकडे वळवल्यावर वाद झालाच. पण कायदा असला की जाब विचारायला कलम हाती असते.

बाबासाहेबांनी १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. केंद्राचा आणि प्रांतांचा पैसा कसा वाटला गेला, याचा तो अभ्यास आहे. अर्थसंकल्प वाचणे आपले काम नाही असे म्हणणे आपल्याला शोभत नाही.

कोणता दरवाजा कोणाचा?

चुकीच्या दारात भांडून उपयोग नसतो. म्हणून एवढे लिहून ठेवा.

घणसोली, राबाडे परिसरातली नागरी आरोग्य केंद्रे, ऐरोली आणि वाशीची सार्वजनिक रुग्णालये नवी मुंबई महापालिकेची. कळव्याचे रुग्णालय ठाणे महापालिकेचे. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तो निर्णय त्या विभागापुरता आहे, महापालिकांचे नियम वेगळे असतात. १०८ रुग्णवाहिका राज्याची. लसी आणि क्षयरोगाची औषधे केंद्राकडून येतात.

टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी बघावी. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयची कपात होत असेल तर ते उपचार उपकार नाहीत. ०.७५ टक्के तुम्ही भरता आणि ३.२५ टक्के मालक. ठेकेदार कपात करून भरणा करत नसेल तर ती चोरी आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. चौकशीसाठी १५५३८८ क्रमांक आहे. पण ती यादीतल्या आजारांसाठी, मुख्यतः भरती झाल्यावरची योजना आहे. रोजची गोळी तिच्यात मिळत नाही. म्हणून विमा आहे म्हणून दवाखाना नसला तरी चालेल, हा युक्तिवाद फसवा आहे.

पैसा नाही, हे कारण चालते का?

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगीत पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांची संघटना हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली.

संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावरून थेट न्यायालयात जाता येत नाही. पण अर्थसंकल्पात आधी काय आणि नंतर काय, हे ठरवायची कसोटी त्यात आहे.

आपण काय करायचे?

एक. न मिळालेल्या औषधाची नोंद ठेवा. तारीख, औषधाचे नाव, बाहेर दिलेले पैसे. बिल फेकू नका. वर्गात एकच वही ठेवा.

दोन. तक्रार एकट्याने तोंडी करू नका. पाच-सात जणांनी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समोरच्या सिस्टरवर किंवा आशाताईवर ओरडू नका. ती बहुतेकदा तुमच्याइतकीच अडचणीत असते.

तीन. माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी विचारा: वर्षभरात औषधांसाठी किती मंजूर, किती खर्च, मंजूर पदांपैकी किती रिक्त.

चार. नगरसेवक, आमदार मत मागायला आले की हीच वही त्यांच्यापुढे ठेवा.

आमच्या वर्गात तीन रविवारांत अकरा जणांची नोंद झाली. सात जणांच्या सहीने अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तराची वाट बघतो आहोत. मावशींना तोवर जनऔषधी दुकानातून महिन्याची गोळी आणून दिली, वर्गणीतून. काल दाब १४४ वर ९० होता. वर्गणीने एका मावशीची गोळी येते, वस्तीची येत नाही. त्यासाठीच कर भरतो. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो, हे काकांनाही पटले.

पुढच्या वर्गासाठी प्रश्न

१. तुमच्या घरात गेल्या वर्षी आजारासाठी कर्ज काढावे लागले का? किती? अजून फिटले का?
२. सरकारला काटकसर करायचीच असेल तर कोणता खर्च आधी कमी करावा आणि कोणत्या खर्चाला हात लावू नये? कारणासह सांगा.
३. घरातल्या प्रत्येकाची गोळी किती दिवस पुरेल? आज रात्री मोजून बघा.