वहीतली मुशी, बाजारातली मुशी

प्रश्न : आईच्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल बुकात ‘स्कोलिओडॉन’ची, म्हणजे मुशीची आकृती आहे. मुंबईला मावशीकडे गेले तेव्हा बाजारात पाहिलेली मुशी मात्र तशी नव्हती. आई चुकली की कोळीण?
– एक वाचक, गांधीबाग, नागपूर

उत्तर : चूक कोणाचीच नाही. मुशी हे एकाच माशाचे नाव नव्हे. लहान शार्कना आपल्या किनाऱ्यावर सरसकट मुशी म्हणतात, कुठे मोरी म्हणतात. बाजारात तुम्ही पाहिलेला मासा बहुधा मिल्क शार्क असावा. तो आणि स्कोलिओडॉन एकाच कुळातले आहेत. 1964 साली स्प्रिंगर या अभ्यासकाने वर्गीकरण तपासेपर्यंत मिल्क शार्कलाही पुस्तकांत स्कोलिओडॉनच म्हणत, त्यामुळे हा घोळ फार जुना आहे.

ओळखायची खूण पाठीवर आहे. पहिला पर छातीच्या परांच्या जवळ असेल, तर मिल्क शार्क. तो बराच मागे, पोटाच्या परांवर सरकलेला असेल आणि मुस्कट फावड्यासारखे चपटे असेल, तर स्कोलिओडॉन. आईची आकृती आता पुन्हा पाहा.

दोघीही पिल्लांना वारेतून पोसतात. माशांत हे विरळाच! स्कोलिओडॉनचे अंडे जेमतेम 1 मिलिमीटरचे. त्यात बलक नावालाच, म्हणून सारा भार वारेवर. पाच-सहा महिन्यांत तिला साधारण 6 ते 18 पिल्ले होतात, वीतभरही नसलेली. मिल्क शार्क सुमारे वर्षभर पिल्ले वाढवते आणि 1 ते 8 पिल्लांना जन्म देते. तिच्या मांसाने बाळंतिणीला दूध येते या आपल्याकडच्या समजुतीवरून तिला हे नाव पडले.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मिल्क शार्कचे नवजात पिल्लू 25 ते 39 सेंटिमीटरचे असते. स्कोलिओडॉन मादी साधारण 35 सेंटिमीटरला वयात येते. म्हणजे टोपलीतली सव्वा फुटाची मुशी एका जातीची आई असेल, तर दुसरीचे तान्हे बाळ! नुसत्या लांबीवरून कळत नाही, पर पाहावाच लागतो. मिल्क शार्क आज जागतिक लाल यादीत असुरक्षित गणली जाते. पुढच्या वेळी मावशीबरोबर बाजारात जाल तेव्हा पर पुढे असलेली दोन फुटांच्या आतली मुशी, म्हणजे अजून वयात न आलेली मिल्क शार्क, घेऊ नका, आणि का घेत नाही ते कोळिणीलाही सांगा.