स्टारबोर्ड म्हणजे कुठली बाजू?



गेल्या हंगामात रात्री तापीच्या मुखाबाहेर आपल्या एका बोटीला वायरलेसवर मोठ्या जहाजाचा निरोप आला, "स्टारबोर्डला वळा." खलाशी तेव्हा मागे तोंड करून जाळं ओढत होता. "उजवीकडे सांगतायत" असं ओरडून त्याने आपला उजवा हात दाखवला. तांडेलने हात बघून सुकाणू फिरवलं आणि बोट जहाजाच्या पुढ्यात निघाली. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

स्टारबोर्ड ही बोटीची उजवी बाजू, आपली नव्हे. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड केलं की जी उजवी येते ती. आपण कुठेही वळून उभे राहिलो तरी ती बदलत नाही.

शब्दात 'स्टार' असला तरी ताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओर' म्हणजे सुकाणू आणि 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजू. पूर्वी तिकडच्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नव्हतं, उजव्या बाजूला मोठं वल्हं धरून दिशा द्यायचे. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून उजवी बाजू. पुढे सुकाणू मधे आलं, नाव मात्र तेच राहिलं. आपला 'सुकाणू' शब्दही बाहेरचाच बरं का, अरबी 'सुक्कान'वरून आलेला. गुजरातीतही सुकानच म्हणतात.

उजवीकडे वल्हं असल्यामुळे धक्क्याला डावी बाजू लावायचे आणि माल तिथूनच चढायचा. म्हणून डाव्या बाजूचं नाव 'लारबोर्ड', माल भरायची बाजू. 1608 मध्ये हॉकिन्सचं 'हेक्टर' जहाज सुरतेला आलं, तेव्हा त्यावरचे खलाशी हाच शब्द वापरत असणार. पण वाऱ्यात ओरडून सांगताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू येत. शेवटी 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि 'पोर्ट' ठरवला. म्हणजे आपल्या खलाशासारखा घोटाळा त्यांच्याकडेही व्हायचा!

आणखी एक गंमत. 1912 मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसला तेव्हा हुकूम स्टारबोर्डचा होता, आणि जहाज वळलं डावीकडे. ती चूक नव्हती. त्या काळी हुकूम सुकाणूच्या दांड्यासाठी असे. दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे जातं, हे लहान होडीवाल्यांना सांगायला नको. 1930 च्या दशकात ही पद्धत बंद झाली. आता स्टारबोर्ड म्हटलं की बोटच उजवीकडे न्यायची.

रात्रीसाठी हे पाठ असू द्या: स्टारबोर्डला हिरवा दिवा, पोर्टला लाल. इंजिनवर जाताना आपल्या उजवीकडून आडवं येणारं जहाज दिसलं, तर त्याचा लाल दिवा आपल्याला दिसतो. तेव्हा वाट आपण द्यायची. अगदी समोरासमोर आलात तर दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं. जाळं पाण्यात असताना नियम वेगळे आहेत, पण जहाजांच्या अरुंद चॅनलमध्ये मासेमारी करणाऱ्या बोटीने त्यांना अडवायचं नसतं. हजिऱ्याकडे जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवा.

तुमच्या बोटीवर डाव्या-उजव्या बाजूला काय म्हणतात, ते कॉमेंटमध्ये लिहा.