साफसफाईचं काम घेताय? कोटेशनमध्ये आधी ही ओळ लिहा



मागच्या व्हिडिओत आपण हाउसकीपिंगच्या कामाचा दर कसा काढायचा ते पाहिलं. विसरवाडीसारख्या गावात हा धंदा चांगला चालू शकतो, हेही बोललो. सुरत-धुळे महामार्ग गावाला लागून जातो. नवापूरपासून कोंडाईबारी घाटापर्यंत हॉटेलं, ढाबे, पेट्रोल पंप, आणि प्रत्येकाला स्वच्छ संडास-बाथरूम हवेच असतात. भांडवल कमी लागतं आणि काम रोजचं असतं.

पण त्या व्हिडिओत एक गोष्ट राहून गेली. तुमचा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी गेला पाहिजे, आणि त्याचा खर्च तुमच्या दरात आधीच धरलेला पाहिजे. आजचा धडा तेवढाच आहे. वही-पेन घेऊन बसा.

१. सुरक्षेचा खर्च किती? हिशोब करू

आकडे 'समजा' म्हणून घेतोय. तुमच्या बाजारातले भाव विचारून बदला.

एका कामगारामागे वर्षाला:
- गमबूट, १ जोड: ४०० रुपये
- जाड रबरी हातमोजे, दर महिन्याला १ जोड, ६० प्रमाणे: ७२० रुपये
- डोळ्यांचा बंद चष्मा: १५० रुपये
- प्लास्टिकचा एप्रन: १५० रुपये
- प्रथमोपचाराचं सामान आणि टिटॅनसचं इंजेक्शन: ३६० रुपये
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता: २० रुपये

बेरीज १,८००. म्हणजे महिन्याला माणशी १५० रुपये. दोन माणसांचं काम तुम्ही महिना २४,००० ला घेतलं, तर ३०० रुपये सुरक्षेचे. सव्वा टक्का फक्त!

आता होतं काय बघा. समोरचा मालक म्हणतो, "हजार रुपये कमी करा." आपण घाबरून कमी करतो आणि मग हातमोजे घेणं पुढे ढकलतो. तुम्ही दिलेली ती सूट प्रत्यक्षात तुमच्या कामगाराच्या कातडीतून गेलेली असते. म्हणून कोटेशनमध्ये 'सुरक्षा साहित्य' ही वेगळी ओळ लिहा आणि सांगा, "शेठ, बाकीचं बोलू, या ओळीत कमी होणार नाही." चांगला ग्राहक याच ओळीवरून तुम्हाला ओळखतो.

विम्याबद्दल एक खुलासा. २० रुपयांच्या या विम्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. वय १८ ते ७० आणि बँक खातं हवं. पण विमा काढला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ पासून कायद्यात आहे. तुमच्याकडे दोनच माणसं असली तरी त्यांचे मालक तुम्हीच.

२. ॲसिड आणि ब्लीचिंग: वेगळे ठेवा

या धंद्यात रोज होणारी सगळ्यात धोकादायक चूक हीच. संडासावर पिवळे डाग असतात. माणूस ॲसिड टाकतो, डाग जात नाही, मग वरून ब्लीचिंग पावडर टाकतो. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, छाती आवळते. क्लोरीन हवेपेक्षा साधारण अडीच पट जड असल्यामुळे खाली बसतो. आणि आपला माणूस कुठे असतो? उकिडवा बसून भांडं घासत! दार बंद, खिडकी बारीक. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही.

बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्येही ॲसिडच असतं. त्यामुळे "आम्ही ॲसिड वापरत नाही, बाटलीतलं लिक्विड वापरतो" असं म्हणून सुटका नाही.

नियम पाठ करा:
- एका वेळी एकच औषध. ते भरपूर पाण्याने धुऊन गेल्याशिवाय दुसरं नाही. त्याहून बरं म्हणजे ॲसिडचा वार वेगळा, ब्लीचिंगचा वार वेगळा.
- ॲसिड पातळ करताना आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड. उलट केलं तर उसळून अंगावर येतं.
- डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, मग दवाखाना.
- वायू सुटला तर सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवा, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

महामार्गावरच्या एका ढाब्यावर मी स्वतः पाहिलंय, मोरीत कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलेलं. शेजारी कामवाल्या ताईंचं लहान पोर खेळत होतं. अंगावर काटा आला. ॲसिड कधीही खाण्यापिण्याच्या बाटलीत ठेवू नका. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल फ्री नंबरवर सल्ला देतं.

आता आपल्या भागाची एक गोष्ट. आपल्याकडे कुणी मावची बोलतं, कुणी भिली, कुणी अहिराणी. बाटलीवरचं इंग्रजी लेबल किती जण वाचतील? म्हणून रंगाची पट्टी लावा. ॲसिडच्या बाटलीला लाल, ब्लीचिंगच्या डब्याला पिवळी. "लाल-पिवळं एकत्र नाही" एवढं त्यांच्या भाषेत समजावा आणि त्यांच्याकडून परत म्हणून घ्या.

३. सेप्टिक टाकी: इथे 'नाही' म्हणा

कधीतरी हॉटेलवाला म्हणेलच, "टाकी भरलीय, तुमच्या पोरांना उतरवा, दोन हजार जास्त घ्या." इथे मोह आवरा.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगारांचा जीव गेला. काम खासगी ठेकेदारामार्फत होतं. त्यांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची मोकळीक शासनाला दिली.

गोवंडी विसरवाडीपासून लांब आहे, पण टाकीतला वायू सगळीकडे तोच. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच काम करेनासं होतं, वास येणं थांबतं, आणि माणसाला वाटतं वायू गेला! पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो.

कायदाही कडक आहे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून टाकी किंवा गटार साफ करून घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर ५ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत. आणि साधनं म्हणजे रुमाल आणि हातमोजे नव्हेत. वायू मोजायचं यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, दोर बांधलेला पट्टा असं बरंच काही लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाख भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख केली. "स्वतःच्या जबाबदारीवर उतरतोय" असं कामगाराकडून लिहून घेतल्याने तुमची जबाबदारी टळत नाही.

मग ग्राहकाला काय सांगायचं? "आमची माणसं उतरणार नाहीत. मैला उपसायची सक्शन गाडी मी बोलावून देतो, तिचं भाडं हे." कामही होतं, तुमचा विश्वासही वाढतो.

४. बाकीचं पटकन

ओल्या फरशीवर पाटी ठेवा आणि निम्मी बाजू कोरडी ठेवून पुसा. बादली निम्मीच भरा, कंबर वाचते. पंखे पुसताना बटण बंद करून वर चढा, आणि खुर्चीवर खुर्ची रचून चढू नका. दवाखान्याचं काम घेतलं तर हिपॅटायटिस बी लसीचे तीनही डोस आधी, आणि कचऱ्याच्या पिशवीत हात घालून दाबायचं नाही, सुई लागते.

गृहपाठ

आज रात्री तीन गोष्टी करा. तुमच्या भावाने हिशोब मांडून कोटेशनमध्ये 'सुरक्षा साहित्य' ही ओळ लिहा. घरातल्या दोन बाटल्यांना लाल-पिवळी पट्टी लावून बघा. आणि टाकीसाठी 'नाही' कसं म्हणायचं ते आरशासमोर एकदा मोठ्याने बोलून घ्या. ऐनवेळी पैसा समोर दिसला की तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून सराव आत्ताच.

पुढच्या भागात कामगारांची हजेरी आणि पगारपत्रक कसं ठेवायचं ते बघू. काळजी घ्या, आपल्या माणसांचीही!