झाडाला करवतीचे दात



गेल्या वर्षीच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात सुरुवातीला दाखवलेली ३ मिनिटांची फिल्म तुम्हाला आठवत असेल. ज्या शाळेच्या वाचनालयासाठी आपण निधी जमवत होतो, तिथल्या चौथीतल्या एका मुलीने काढलेलं कडुलिंबाचं झाड हळूहळू मोठं होत पडदाभर पसरतं, अशी आमची कल्पना. चित्राचा फोटो आला, त्यावरून आम्ही इलस्ट्रेटरमध्ये रेषा काढल्या आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये त्यांना हालचाल दिली. लॅपटॉपवरच्या छोट्या चौकटीत सगळं झकास!

रंगीत तालमीत मात्र हॉलच्या मोठ्या पडद्यावर फांद्यांच्या कडांना पायऱ्या दिसायला लागल्या. मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "काय रे, पोरीने झाडाला करवतीचे दात काढलेत का?"

आम्ही दिवसभर प्रोग्रॅम लिहिणारी माणसं, हे काम आपलं हौशी. दोन रात्री जागून रेषा पुन्हा काढल्या, दात तसेच. शेवटी "चित्र मोठ्या कागदावर पुन्हा काढून पाठवाल का?" असा निरोपही शाळेसाठी लिहून ठेवला. तो पाठवला नाही हे नशीब! दोष मुलीच्या रेषेत नव्हताच. आम्ही न दाबलेल्या एका बटणात होता. पुढच्या स्वयंसेवकांच्या रात्री वाचाव्यात म्हणून हा धडा.

असं का होतं?

रांगोळीच्या छोट्या फोटोला ताणून मोठं केलं, तर त्याच्या कडा फाटतात. पण रांगोळी कशी काढायची हे ठाऊक असेल, तर तीच अंगणभर काढता येते आणि रेघ तितकीच रेखीव राहते. पिक्सेलचं चित्र म्हणजे तो फोटो, आणि वेक्टर म्हणजे रांगोळी काढण्याची कृती.

गंमत अशी, की आफ्टर इफेक्ट्स इलस्ट्रेटरची फाइल घेतं तेव्हा एरवी आधी तिच्या मूळ मापात पिक्सेल तयार करतं आणि मग तेच पिक्सेल ताणतं. म्हणजे कृती हातात असून फोटोच मोठा करतं! आमचं चित्र ४०० पॉइंट रुंद होतं. इथे १ पॉइंटचा १ पिक्सेल होतो. १९२० पिक्सेलचा पडदा भरायला आम्ही ते ४८०% केलं. एका पिक्सेलने सुमारे २३ पिक्सेलची जागा व्यापायची म्हटल्यावर कडा धुरकट किंवा दातेरी होणारच.

काय करायचं?

१. आधी खरंच दोष आहे का ते बघा. प्रीव्ह्यू 'हाफ' किंवा 'क्वार्टर'वर असेल तर चांगलं चित्रही दातेरी दिसतं. रिझोल्यूशन 'फुल' आणि झूम १००% ठेवून मगच निकाल द्या.

२. लेयरची क्वालिटी 'बेस्ट' आहे ना, ते पाहा. 'ड्राफ्ट'मध्ये कडा मऊ करण्याचं काम टाळलं जातं.

३. आता मुख्य उपाय. टाइमलाइनमध्ये लेयरच्या ओळीत सूर्यासारखं छोटं चिन्ह असतं: 'कंटिन्युअसली रॅस्टराइझ'. ते चालू केलं की प्रत्येक फ्रेमला त्या मापात रेषा नव्याने काढली जाते. रेंडरला वेळ जास्त लागतो, पण दात जातात.

४. चित्र दुसऱ्या कॉम्पोझिशनच्या आत असेल, तर आतल्या लेयरवर आणि बाहेरच्या कॉम्पच्या लेयरवर, दोन्हीकडे ते चिन्ह चालू करा. बाहेर त्याचं नाव 'कोलॅप्स ट्रान्सफॉर्मेशन्स' असतं. आम्ही नेमके इथेच अडकलो होतो: आतलं चालू, बाहेरचं बंद! मात्र ते चालू केल्यावर आतल्या कॉम्पच्या चौकटीबाहेरचे भागही दिसू लागतात, त्यामुळे कडेला काही लपवून ठेवलं असेल तर सांभाळा.

५. इफेक्ट्स पुन्हा तपासा. एरवी आधी इफेक्ट लागतो आणि मग लेयरचं माप बदलतं; हे चिन्ह चालू केलं की क्रम उलटतो. आमच्या झाडाची सावली झाडाबरोबर मोठी होईना, ती त्यामुळे.

६. इलस्ट्रेटरच्या फाइलमध्ये नुसता फोटो चिकटवलेला असेल, तर या चिन्हाचा उपयोग नाही. ताणायला तिथे पिक्सेलच आहेत. मोठ्या मापात नव्याने स्कॅन करा किंवा रेषा काढून घ्या.

७. शेवटी रेंडर सेटिंगमध्ये 'बेस्ट' आणि 'फुल' आहे याची खात्री करा. एक पिक्सेलपेक्षा बारीक रेघ हलताना लुकलुकते. तिची जाडी थोडी वाढवा.

एक गोष्ट मात्र बिघाड समजून दुरुस्त करू नका. दात गेल्यावर पडद्यावर पहिल्यांदा त्या मुलीची खरी रेषा दिसली: बुंध्याशी जाड, शेंड्याकडे थरथरलेली, एका फांदीवर थोडी चुकलेली. आमच्यातल्या एकाचा हात ती सरळ करायला 'स्मूथ'कडे गेला होता, आम्ही थांबवला. पायऱ्या आमच्या होत्या, त्या काढल्या. थरथर तिची होती, ती ठेवली.

यंदा फिल्म करणाऱ्यांना एवढीच विनंती: ती हॉलच्या पडद्यावर एक दिवस आधी लावून बघा. आणि मागच्या रांगेत काकांना जरूर बसवा!