साप चावला तर शेजाऱ्यांनी काय करावे?

आरोंद्यासारख्या गावात भात कापताना, काजूच्या बागेत पाचोळ्यातून चालताना किंवा चिऱ्यांच्या गडग्यातला दगड काढताना फुरसे चावते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, तेव्हा कळते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. औषध मात्र आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

मग मांत्रिकाकडे गेलेली माणसे बरी कशी होतात? कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. अशी माणसे मंत्राविनाही वाचली असती. ज्याच्या अंगात विष गेले आहे, त्याचा मात्र वेळ तिथे फुकट जातो.

हे करा
- रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका.
- अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाहीत.
- चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने हलका बांधून स्थिर ठेवा.
- १०८ ला फोन करा. तेरेखोल खाडीपलीकडे गोवा आहे, म्हणून गाव, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग असे स्पष्ट सांगा.
- गाडीला उशीर होत असेल तर थांबू नका. मोटारसायकलवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून न्या.
- उलटी होत असल्यास कुशीवर झोपवा. श्वास थांबल्यास तोंडाने श्वास द्या.
- चावल्याची वेळ लक्षात ठेवा.

हे करू नका
- दोरीने आवळणे, जखम कापणे, विष चोखणे, बर्फ लावणे.
- दारू किंवा झाडपाला पाजणे.
- साप पकडायला धावणे. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठले नाही, तरी विषाचा अंदाज येतो.

त्रास दिसत नसला तरी रुग्णाला २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवा.

रात्री गाडी कोण काढणार आणि सोबत कोण जाणार, हे वस्तीच्या पुढच्या बैठकीतच ठरवा. ती नावे व १०८ हा आकडा विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.