मान्सून अंदमानात दाखल, आणि तूही

रत्नागिरी,
१२ एप्रिल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "आत्या, मे महिन्यात अंदमान बरं का? हो की नाही एवढंच सांग," असं तू विचारलंस. एवढंच सांगता आलं असतं तर मी तीस वर्षं भूगोल शिकवलाच नसता. व्हॉट्सॲपवर एवढं टाइप करायचं म्हणजे माझा अंगठा दुखतो, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, आणि जावईबापूंनाही वाचायला दे, कारण तिकिटं तेच काढणार आहेत.

दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पेपरात पहिल्या पानावर एक बातमी येते : मान्सून अंदमानात दाखल. ती वाचून विदर्भातला शेतकरी बियाण्यांच्या चौकशीला लागतो, मी कौलं परतायला माणूस बोलावते, आणि मुंबईकर आता पंधरा-वीस दिवसच काढायचे म्हणून घाम पुसतात. सगळ्या महाराष्ट्राला हायसं वाटतं. आणि तू २४ तारखेला सहकुटुंब निघाली आहेस ती नेमकी त्या बातमीच्या गावाला! तिथे आलेला पाऊस आपल्याकडे पोहोचायच्या आधी तुझ्या डोक्यावर पडणार, एवढं धरून चाल.

ही तारीख काही पंचांगात छापलेली नसते. २०२५ साली तो १३ मेलाच तिथे पोहोचला आणि २४ मेला केरळात शिरला, एरवी तिथे १ जूनची वाट बघावी लागते. म्हणजे मेचा पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा हे अंदमानात एकाच महिन्याचे दोन आठवडे नव्हेतच. एक उन्हाळ्याचं शेवटचं पान आहे, दुसरं पावसाळ्याचं पहिलं. तू दोन्हींना "अर्ली समर" म्हणतेस. तो शब्द थंड देशातल्या लोकांचा. त्यांचा जून म्हणजे सुट्टीची सुरुवात, आपला जून म्हणजे छत्री.

आता घाबरू नकोस. पाऊस म्हणजे सलग सात दिवस मुसळधार असं नसतं. अंदमानात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ रत्नागिरीइतका. फरक एवढाच, की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिथे मे ते डिसेंबर असा ऐसपैस पडतो, कारण त्यांना नैर्ऋत्येचा आणि ईशान्येचा असे दोन्ही मान्सून मिळतात. कोरडे म्हणावे असे महिने जानेवारी ते एप्रिलच. मेअखेर तासभर धो धो कोसळून मग लख्ख ऊन, असंही होतं. पारा ३१-३२ च्या वर फारसा जात नाही, नागपूरच्या वहिनीला तर ते महाबळेश्वर वाटेल. घाम मात्र आपल्यासारखाच, टॉवेल वाळत नाही असा. भिजायला तू भीत नाहीस हे मला ठाऊक आहे. आपल्या भाट्याच्या पुळणीवर तुला पावसातून ओढून घरी आणणारी मीच.

काळजी पावसाची नाहीच. ती आहे वाऱ्याची, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेल्या बोटीची.

आम्ही बारा वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यातच गेलो होतो. तुझे काका, मी आणि शाळेतली चार जोडपी. मी भूगोलाची बाई, तारखा मीच ठरवलेल्या. तिकीट स्वस्त, खोल्या निम्म्या भावात. ते का स्वस्त आहे हा प्रश्न वर्गात मी पोरांना विचारला असता, स्वतःला विचारला नाही. पोर्ट ब्लेअर पाहिलं, हॅवलॉक पाहिलं आणि शेवटी नीलला गेलो. परतीच्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो तर फळ्यावर खडूने लिहिलेलं : आज फेरी रद्द. दुसऱ्या दिवशीही तोच फळा, फक्त तारीख पुसून नवी. आकाशात ऊन होतं, हे लक्षात ठेव! पाऊस नव्हताच. समुद्र मात्र असा उसळत होता, की धक्क्याला बांधलेली होडी आमच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत वरखाली होत होती.

पहिला दिवस मजेत गेला. नीलवर बहुतेक वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. किनाऱ्यांची नावंही त्यांनी सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी ठेवलेली. आमच्या यजमानीणबाईंनी खिचडी आणि वांग्याचे काप केले, पत्ते झाले, गाणी झाली. दुसऱ्या दिवशी काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. तिथे त्या नावाची गोळी मिळेना. तिसऱ्या दिवशी बोट सुटली तेव्हा विमान केव्हाच गेलेलं होतं, आणि नवं तिकीट काढताना स्वस्ताईचा सगळा हिशोब उलटा फिरला. त्या दोन रात्रींत काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

हे फक्त मेमध्येच होतं असंही नाही. २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे अगदी भर हंगामात, खराब हवेमुळे हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन मोसम असतात, एक मान्सूनच्या आधीचा आणि एक नंतरचा. अम्फान २०२० चं, यास २०२१ चं, मोखा २०२३ चं, रेमल २०२४ चं. चारही मे महिन्यातली. ती जाऊन धडकली बंगाल, ओडिशा, बांगलादेश, म्यानमारला. पण उपसागरात अशी जुळवाजुळव सुरू झाली, की अंदमानच्या भोवतीचं पाणीही स्वस्थ बसत नाही. आपल्या मिरकरवाड्यातले लोक १ जूनपासून होड्या वर ओढतात तो सरकारचा बंदीचा नियम आहे खरा, पण नियम नव्हता तेव्हाही आगोट आली की ते होड्या शाकारतच होते.

आता तुझा बेत बघू. तू लिहिलंयस : दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, दोन नील, आणि ३० तारखेला सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान. (सरकारी नावं आता श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप अशी आहेत, तिकिटावर तीच दिसतील, गोंधळू नकोस.) मुक्ता, हा अगदी माझाच बेत आहे. तो सुटसुटीत दिसतो, आणि शेवटच्या सकाळी एक बोट सुटली नाही तर संपूर्ण कोसळतो.

माझं पहिलं म्हणणं, तारीख अलीकडे ओढ. तुझ्या ओजसच्या शाळेला मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी लागते ना? मग ४ ते १० मे. त्या दिवसांत वारा पडलेला असतो, समुद्र पुष्कळदा तेल ओतल्यासारखा, पाणी नितळ. पाण्याखाली तोंड घालून बघायचं असेल तर त्याला हीच वेळ. महात्मा गांधी सागरी उद्यानातलं जॉली बॉय बेटही पावसाळ्याच्या तोंडावर बंद करतात आणि मग रेड स्किन उघडतात. लवकर गेलीस तर पहिलं मिळण्याची आशा. एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवते. एप्रिल-मेमध्ये पाणी फार तापतं, आणि २०१० व २०१६ साली त्या तापण्याने तिथली प्रवाळं पांढरीफटक पडली होती. दिसायला सर्वात सोपं असतं तेव्हाच त्यांचे दिवस सर्वात वाईट असतात. ओजसला सांग, पाय टेकायचा नाही, हात लावायचा नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण हलवून बघत नाही.

जावईबापूंची रजा हलत नसेल तर २४ मेलाच जा, पण बेत उलटा कर. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी सकाळीच हॅवलॉक, तिथे तीन रात्री. नील गाळ. हो, गाळ, पुन्हा कधीतरी. आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरलाच. मग बोट एक दिवस उशिरा सुटली तरी विमान सापडतं, आणि वेळेवर सुटली तर ते दोन दिवस माझ्या दादासाठी आहेतच. दादाला समुद्र बघायचा नाहीये, हे तुला कळलंय ना? तो रत्नागिरीत वाढला, त्याला समुद्राचं काय अप्रूप! त्याला सेल्युलर जेल बघायचा आहे, शाळेत असल्यापासून. १९०६ साली बांधून पुरा झालेला, सात पाखांचा. आता त्यातल्या तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. दादाचे गुडघे आणि पावसाने ओल्या झालेल्या पायऱ्या यांचा विचार कर आणि सकाळच्या वेळी ने, गर्दी व्हायच्या आधी. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम उघड्यावर असतो. दोन संध्याकाळी हातात असतील तर एक तरी कोरडी मिळेल.

हॅवलॉकला खोली कुठे घ्यायची, हेही वाऱ्याला विचारूनच ठरव. वाई आणि महाबळेश्वर किती जवळ, पण सह्याद्रीच्या एका अंगाला धो धो आणि दुसऱ्या अंगाला रिमझिम, हे मी तुला पाचवीत शिकवलं होतं. बेटाला पण तशी वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू असते. हॅवलॉकचे डोंगर बुटके, ते पाऊस अडवत नाहीत, पण लाटा अडवायला बेटाचं अंग पुरतं. राधानगरचा तो प्रसिद्ध किनारा पश्चिमेचा. मान्सूनचा वारा फिरला की त्याच्यावर लाटा थेट येतात. तिथे सूर्यास्त बघायला जा, पण लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल नको, घोट्याएवढंही नको. पायाखालची वाळू ओढून नेणारं पाणी किती झटकन नेतं हे भाट्याला आपण पाहिलं आहे. राहायला पूर्वेकडचं विजयनगर बरं. तिथलं पाणी त्या दिवसांत निवांत असतं. ओहोटीला मात्र ते लांबवर आटून खडक उघडे पडतात, म्हणून भरतीच्या वेळा विचारून घे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हा आपला हिशोब तिथेही चालतो.

आणि एक, घड्याळाचं. तिथे घड्याळ आपलंच, पण सूर्य बंगालच्याही पलीकडचा. मेअखेर पाचच्या आत उजाडतं आणि पावणेसहापर्यंत मावळतो. साडेनऊला नाश्ता करून बाहेर पडणारी तुम्ही माणसं निम्मा दिवस गमावून बसाल. पहाटे पाचला पाण्यात, दुपारी जेवून झोप, असा दिनक्रम ठेवा. दुपारच्या सरीही झोपेतच निघून जातील.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून लिहिते : लक्षद्वीपचा नाद यंदा सोड. परवाना, जहाज आणि तुझ्या तारखा यांचा मेळ बसेपर्यंत तिथलाही मोसम संपतो. मालदीवलाही मेपासून नैर्ऋत्येचाच वारा. श्रीलंकेत मात्र गंमत आहे. दक्षिण-पश्चिमेला पाऊस सुरू झालेला असताना पूर्वेकडे त्रिंकोमालीचा हंगाम सुरू होतो; पुन्हा तीच वाई-महाबळेश्वरची गोष्ट. आणि मनापासून सांगायचं तर आपल्या मे-जूनच्या सुट्टीला खरं जुळतं ते विषुववृत्ताच्या पलीकडचं बेट. मॉरिशसला तेव्हा हिवाळा लागत असतो, चक्रीवादळांचा मोसम उरकत आलेला असतो. वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून उत्तर आणि पश्चिम किनाऱ्याला उतरायचं. पाणी जरा गार लागेल. शिवाय एकोणिसाव्या शतकात आपल्याच कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे अजून मराठी म्हणवून घेतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. दादाला तेही आवडेल. पण चौघांचा खर्च मोठा आहे, तेव्हा ते पुढच्या वर्षी, आणि तेव्हा मलाही विचार. जेल पाहून झालेली म्हातारी तिकडे चालेल.

सध्या एवढंच कर : दादाच्या गोळ्या सहा दिवसांच्या नव्हे, दहा दिवसांच्या घे, आणि त्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नव्हे. रोख पैसे थोडे जास्त ठेव. बेटावर रेंज गेली की तुमचं ते स्कॅन करून पैसे देणंही जातं. विमानाचं तिकीट थोडे जास्त पैसे देऊन तारीख बदलता येईल असं काढ. जावईबापू कुरकुरतील. त्यांना नीलचा फळा सांग.

आवळासुपारीची डबी कुरिअरने पाठवते आहे. बोटीत पोट ढवळायला लागलं की चघळायची, आणि ओजसला डेकवर आडोशाला बसवून क्षितिजाकडे बघायला लावायचं, मोबाइलकडे नाही. तारखा नक्की झाल्या की आधी मला फोन कर, मग पैसे भर. गुरुवारी दुपारी मात्र मला फोन घेता येणार नाही, कौलांचा माणूस यायचा आहे आणि त्याला घेऊन मला माळ्यावर चढायचं आहे.

दादाला आणि वहिनीला नमस्कार, ओजसला गोड पापा.

तुझी,
आत्या