कोंबडीच्या आतड्यातील मित्रजीवाणू : प्रतिजैविकांना शास्त्रीय पर्याय

शेतीला पूरक व्यवसाय म्हणून कुक्कुटपालनाने ग्रामीण अर्थव्यवस्थेत मानाचे स्थान मिळविले आहे. थोड्या जागेत व थोड्या अवधीत उत्पन्न देणारा हा व्यवसाय अल्पभूधारकांना आणि बचत गटांतील महिलांना आधार ठरला आहे. परंतु या वाढीबरोबरच प्रतिजैविकांचा जो सर्रास वापर रूढ झाला, त्याचे परिणाम आता कुक्कुटगृहाच्या चार भिंतींत राहिलेले नाहीत. ते रुग्णालयातील खाटेपर्यंत पोहोचले आहेत. यास्तव हा विषय केवळ पशुवैद्यकांचा न राहता शिक्षक, पंचायत सदस्य व विस्तार कार्यकर्ते या सर्वांनी समजून घेण्याचा झाला आहे.

एका प्रथेचा उगम

१९५० च्या सुमारास अमेरिकेत स्टोकस्टॅड व ज्यूक्स या शास्त्रज्ञांना असे आढळून आले की, ऑरिओमायसिन हे औषध तयार करताना उरणारा अवशेष खाद्यात मिसळल्यास पिलांची वाढ झपाट्याने होते. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांनाही खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविके देण्याची प्रथा जगभर पडली.

या प्रथेतील धोका त्या अल्प मात्रेतच आहे. तिने सर्व जीवाणू मरत नाहीत. जे टिकतात ते पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत आणि आपला हा गुण इतर जातींच्या जीवाणूंनाही देऊ शकतात. मांस, विष्ठा, सांडपाणी व कामगारांचे हात यांच्यामार्फत असे जीवाणू माणसापर्यंत येतात. कोलिस्टिन हे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेले अखेरचे औषध. पण त्याला न जुमानणारा आनुवंशिक घटक चीनमध्ये पशूंत, मांसात आणि रुग्णांतही आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिनच्या वापरास बंदी घातली. वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून मनाई केली.

फिनलंडमधील प्रयोग

मग पर्याय कोणता? त्याचे उत्तर फिनलंडमधील एका प्रयोगात सापडते. १९७१ मध्ये तेथील मांसल कोंबड्यांत साल्मोनेला जीवाणूंचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याचा अभ्यास करताना नुर्मी व रांताला या शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट हेरली. खुडूक कोंबडीखाली जन्मलेले पिलू आईच्या सहवासातून उपकारक जीवाणू मिळविते. उबवणी यंत्रातील पिलाला आईच नसते. त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते आणि तेथे पहिला शिरकाव रोगजंतूंचा होऊ शकतो.

या शास्त्रज्ञांनी सुदृढ प्रौढ पक्ष्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिलांना पाजले व नंतर त्यांना साल्मोनेलाचा संसर्ग घडविला. संरक्षण मिळालेल्या पिलांपैकी बहुसंख्य पिलांत रोगजंतू मूळ धरू शकले नाहीत. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढे फिनलंडमध्ये ही पद्धत व्यवहारात आली.

यामागील तत्त्व सोपे आहे. भरलेल्या एस. टी. गाडीत नव्या उतारूला जागा मिळत नाही, तसेच हे होय. उपकारक जीवाणू आतड्याच्या अस्तरावरील जागा व्यापतात, अन्नांश वापरतात आणि आम्ले निर्माण करून रोगजंतूंना प्रतिकूल स्थिती तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराचे पोषणही करते.

उपलब्ध पर्याय

पहिला प्रकार जिवंत उपकारक सूक्ष्मजीवांचा. यात लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस सबटिलिस, यीस्ट इत्यादींचा समावेश होतो. बॅसिलसचे बीजाणू उष्णता सहन करीत असल्याने ते दाणेदार खाद्यातही टिकतात. दुसरा प्रकार या जीवाणूंच्या अन्नाचा. उदाहरणार्थ, इन्युलिनसारख्या विशिष्ट शर्करा. यांच्या जोडीला सेंद्रिय आम्ले आणि पचनास साहाय्य करणारी विकरे वापरली जातात. मात्र एकाच जातीचे जीवाणू असलेल्या भुकटीपेक्षा अनेक जातींचे मिश्रण साल्मोनेलापासून अधिक संरक्षण देते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. प्रौढ कोंबड्यांची विष्ठा पिलांना घरच्या घरी देण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तीतून रोगच पसरेल. फिनलंडमधील द्रव्य रोगमुक्त पक्ष्यांपासून तपासणीअंती तयार केले जाते.

डेन्मार्कचा अनुभव

डेन्मार्कमधील मांसल कोंबडी उत्पादकांनी १९९८ च्या प्रारंभी वाढीसाठीची प्रतिजैविके स्वेच्छेने थांबविली. त्यानंतर मरतुकीत वाढ झाली नाही; प्रति किलो वजनामागे लागणारे खाद्य किंचित वाढले. मात्र रक्ती हगवणीवरील काही प्रतिबंधक औषधे तेथे चालूच राहिली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. औषध बंद करणे म्हणजे व्यवस्थापन सैल करणे नव्हे, हाच या अनुभवाचा बोध होय.

कुक्कुटपालकांसाठी पथ्ये

उपकारक जीवाणू पहिल्याच दिवसापासून द्यावेत. रोगजंतूंनी जागा घेतल्यावर त्यांचा उपयोग घटतो. क्लोरीनयुक्त पाण्यात हे जीवाणू मरतात, म्हणून ते क्लोरीनविरहित स्वच्छ पाण्यातून द्यावेत. प्रतिजैविकांबरोबर ते एकाच वेळी देऊ नयेत. तुसाची गादी कोरडी व भुसभुशीत ठेवावी, कारण ओल्या गादीत रक्ती हगवण बळावते आणि तिने जखमी झालेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जीवाणू शिरकाव करतात. लसीकरण वेळेवर करावे. पक्षी आजारी पडल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध द्यावे व औषध थांबविल्यानंतर ठरलेले दिवस उलटल्याखेरीज पक्षी विक्रीस काढू नयेत. मित्रजीवाणू रोग टाळण्यास साहाय्य करतात. ते आजारावरील औषध नव्हेत.

सामूहिक जबाबदारी

करार पद्धतीने पक्षी वाढविणाऱ्या शेतकऱ्यास पिले व खाद्य कंपनीकडून मिळते. त्या खाद्यात कोणती औषधे आहेत, हे विचारण्याचे धैर्य एकट्या शेतकऱ्यास होत नाही; गावातील पालकांनी एकत्र येऊन विचारल्यास उत्तर मिळणे सोपे जाईल. ग्रामसभेत पशुधन विकास अधिकाऱ्यांना पाचारण करून या विषयाची चर्चा घडवून आणता येईल. शिक्षकांनाही विज्ञानाच्या तासाला जीवाणू म्हणजे केवळ रोग नव्हे, हे कोंबडीच्या उदाहरणाने पटवून देता येईल.

आज कुक्कुटगृहात अकारण वापरलेले औषध उद्या त्याच गावातील एखाद्या बाळंतिणीला किंवा तान्ह्या मुलाला निरुपयोगी ठरू शकते. प्रतिजैविके ही समाजाची सामाईक ठेव आहे. ती जपून वापरणे, हे कुक्कुटपालकाच्या हिताचे आहे आणि त्याचे कर्तव्यही आहे.